'विकेड'चा टीझर: टोक ऐकवलं, चढण कुठे आहे?

तारगंधार | १२ फेब्रुवारी २०२४, सकाळी ९.४०

'विकेड' या संगीत नाटकावरून केलेल्या चित्रपटाचा पहिला टीझर आज पहाटे आला. अमेरिकेत रविवारी सुपर बोलच्या (अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम) सामन्यात दाखवला, तेव्हा आपल्याकडे सोमवार उजाडत होता. नाटक ब्रॉडवेच्या गर्श्विन थिएटरला ऑक्टोबर २००३ पासून चालू आहे. गीतं आणि संगीत स्टीफन श्वार्ट्झ यांचं. चित्रपटाचे दिग्दर्शक जॉन एम. चू, हिरव्या कातडीची एल्फाबा सिंथिया एरिवो, तिची मैत्रीण ग्लिंडा आरियाना ग्रांडे.

मिनिटभराच्या तुकड्यात फुलांची शेतं आहेत, पाचूनगरीची आगगाडी आहे, विझार्ड आहे. 'घाबरायचं तर विझार्डने, मला' या अर्थाचा एल्फाबाचा संवादही आहे. आणि शेवटच्या काही सेकंदांत 'डिफाइंग ग्रॅव्हिटी' या एल्फाबाच्या गाण्याच्या अखेरीची ती साद. अंगावर काटा आला, यात वाद नाही.

पण ती साद म्हणजे गाण्याचं टोक. तिच्याआधी गाणं पायरी पायरीने वर चढतं, म्हणून ते टोक लागतं. टीझरमध्ये चढण नाहीच. संगीत नाटकावरून केलेल्या चित्रपटाच्या पहिल्या झलकेत गाण्याची एक तरी पूर्ण ओळ, न तोडता, ऐकवायला हवी असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं? आणि मिनिटभरात ते बसतं का?

पेठकर | १०.०५

नाटक पाहिलेलं नाही. टोक, चढण हे जरा आपल्या भाषेत सांगाल का? पट्टी कुठली, स्वर कुठला?

तारगंधार | १०.३०

पेठकर, सांगतो. गाणं डी-फ्लॅटमध्ये आहे, म्हणजे काळी एक. काळी एकचा सा धरला तर शेवटचा सगळ्यात उंच स्वर येतो तार सप्तकातला शुद्ध गंधार. आपल्याकडे बाई काळी चार-पाचमध्ये गाते आणि तार षड्ज-ऋषभाशी खेळते, तेव्हा उंचीने ती याच्या खालीच असते. पण फरक नुसता उंचीचा नाही, लावण्याचाही आहे. इथे तो गंधार छातीच्या आवाजाचं वजन तसंच ठेवून, न पातळ करता लावायचा असतो. त्याला तिकडे बेल्ट म्हणतात. श्वास कमी पडला की स्वर उतरतो, आणि घसा आवळला की फाटतो. आठवड्याला आठ प्रयोग असतात, त्यामुळे एल्फाबा करणाऱ्या नटीची खरी परीक्षा तिथेच.

आणखी एक गंमत. याच गाण्यात आणि नाटकात इतरत्र 'अनलिमिटेड' या शब्दावर एक छोटी चाल पुन्हा पुन्हा येते. तिचे पहिले सात स्वर 'ओव्हर द रेनबो' या जुन्या गाण्याचे आहेत: सा सां नी प ध नी सां. लय बदलली, खालची स्वरसंगती बदलली, आठव्या स्वराला वाट बदलली. श्वार्ट्झ यांनी स्वतःच हे सांगितलेलं आहे. पेटीवर वाजवून बघा, लगेच सापडेल.

पायपेटी | १०.५२

वाजवलं. सापडलं! चीज तीच, ताल वेगळा. आपल्या नाट्यपदांचा तर जन्मच असा झाला. 'मानापमान'साठी गोविंदराव टेंब्यांनी १९११ साली ठुमरी-दादऱ्याच्या ढंगाच्या चाली आणल्या आणि त्यावर खाडिलकरांची पदं बसली.

कात्रीवाला | ११.४०

तारगंधार, मत कळलं, पण मला पटत नाही. हा तुकडा चाहत्यांसाठी कापलेलाच नाही. सामना बघणाऱ्या, हातात चिप्स घेऊन गलक्यात बसलेल्या माणसासाठी तो आहे. तिथे पहिल्या तीन सेकंदांत चित्र पकडलं नाही तर माणूस स्वयंपाकघरात जातो.

हिशेब मांडतो. सव्वा ते दीड सेकंदाला एक शॉट धरला तर मिनिटात चाळीस ते अठ्ठेचाळीस शॉट बसतात. त्यातून नाव, तारीख आणि कंपनीची चिन्हं यांना सात-आठ सेकंद द्या. उरलेल्या बावन्न सेकंदांत जग दाखवायचं, दोन बायकांची मैत्री दाखवायची, विझार्ड दाखवायचा. गाण्याची पूर्ण ओळ घेतली की तेवढा वेळ संवाद ठेवता येत नाही. शब्दावर शब्द चढले की दोन्ही बुडतात. म्हणून कापणारा माणूस शब्द नसलेली जागा शोधतो. ती साद शब्दांशिवाय आहे, म्हणूनच तिची निवड झाली. कामाच्या दृष्टीने निवड बरोबर आहे.

तिसरी_घंटा | १२.१५

कात्रीवाला, हिशेब मान्य. पण या सगळ्याखाली एक भीती आहे, ती तुम्ही सोडून दिलीत. 'हे गाण्यांचं आहे' हेच सध्या लपवलं जातंय. गेल्या डिसेंबरात 'वोंका' आला, या जानेवारीत 'मीन गर्ल्स' आला. 'मीन गर्ल्स' तर सरळ रंगभूमीवरच्या संगीतिकेवरून केलेला, तरी पहिल्या ट्रेलरमध्ये त्या नाटकातलं गाणं नाही, दुसऱ्याच गायिकेचं पॉप गाणं. प्रेक्षक आत बसले, पात्रं गायला लागली आणि लोक एकमेकांकडे बघायला लागले. असं तिकीट विकलं की पहिल्या आठवड्यातच कुजबुज सुरू होते.

त्या मानाने 'विकेड'ने निदान गळा दाखवला. आणि पूर्ण ओळ बसते का, याचं उत्तर २०१२ मध्येच मिळालेलं आहे. 'ले मिझेराब्ल'चा टीझर आठवा. अ‍ॅन हॅथवेचं एकच गाणं, त्याच्याच आधाराने सगळी दृश्यं. आवाज कापरा, श्वास ऐकू येतोय, मागे वाद्यांचा गोंगाट नाही. संवाद ठेवायचा हट्ट सोडला की जागा होते.

रंगपट | १२.५०

गाण्याबद्दल तुम्ही बोला, मी रंगाबद्दल बोलते. टीझरखाली सगळीकडे 'हिरवा रंग फिका, राखाडी वाटतो' अशा प्रतिक्रिया आहेत. थोडं थांबा.

रंगमंचावर एल्फाबाला लावतात तो पाण्यात कालवायचा रंगाचा केक, रुंद ब्रशने, चेहरा-मान-हात असा. प्रयोगात प्रकाश समोरून आणि वरून पक्का असतो, बसणारा माणूस वीस-तीस फूट लांब असतो, त्यामुळे एकसारखा जाड थर चालतो. कॅमेरा चार फुटांवर आला की तोच थर भिंतीला रंग दिल्यासारखा दिसतो. म्हणून पडद्यासाठी थर पातळ करतात, खालची कातडी, ठिपके, शिरा दिसू देतात.

आता प्रकाश. हिरव्या कातडीवर पिवळसर दिवा पडला की शेवाळी छटा येते. गुलाबी किंवा लाल पडला की हिरवा काळपट, मातकट होतो, कारण हिरवा पृष्ठभाग लाल प्रकाश परत पाठवतच नाही. ग्लिंडा सतत गुलाबीत आहे. तिच्या कपड्यावरून परतलेला गुलाबी उजेड शेजारच्या हिरव्या गालावर पडतो. दोघी एका चौकटीत घ्यायच्या म्हणजे छायाचित्रणाला रोजची कसरत आहे. शिवाय पाठीमागून सूर्य ठेवला की चेहरा सावलीत जातो आणि रंग आणखी मावळतो. मोबाईलवर, ब्राइटनेस अर्धा ठेवून निकाल देऊ नका. मोठ्या पडद्यावर बघून मग बोलू.

पेठकर | १.१०

नटीला उडवतात कसं नाटकात? तारा दिसत नाहीत म्हणे.

तिसरी_घंटा | १.३५

तारा नसतातच, पेठकर. लिफ्ट असते. एल्फाबा तिच्यावर उभी राहते, काळा झगा खाली पसरत जातो आणि यंत्र त्याच्या आत दडतं. धूर आणि खालून वर जाणारे प्रकाशाचे झोत यांमुळे झगा किती खाली गेला ते कळत नाही. सगळी जादू त्या कापडाची आणि दिव्यांची.

बिघाड झाला तर? त्याची सोय आधीच बसवलेली आहे. एल्फाबा तशीच पुढे चालत येते आणि समूहातले सगळे नट जमिनीवर आडवे होतात. ती उभी, बाकीचे खाली, म्हणून ती वर आहे. नाटकाचा हाच तर जोर आहे! पडद्यावर तारेने कितीही उंच नेली तरी हे आडवे होणं मिळणार नाही.

ओठांकडे_लक्ष | ४.२०

सेटवरच गायलं की आधी ध्वनिमुद्रण केलं, यावर खाली भांडण होणारच, म्हणून तपासायची रीत आधीच लिहून ठेवतो.

पहिली गोष्ट, ब्लूटूथ काढा. वायरलेस हेडफोनमध्ये आवाज एक-दोन दशांश सेकंद उशिरा पोचतो. यूट्यूब ते थोडंफार सावरून घेतं, पण दर वेळी नाही. वायरचा हेडफोन लावा.

संगणकावर पॉज करून पूर्णविरामाची कळ दाबली की एक फ्रेम पुढे, स्वल्पविरामाची दाबली की एक फ्रेम मागे. चोवीस फ्रेमचा सेकंद, म्हणजे फ्रेमला सुमारे ४२ मिलिसेकंद. आवाज ओठांच्या आधी आला तर एका फ्रेमलाच खटकतं. मागून आला तर तीन फ्रेमपर्यंत डोळा चालवून घेतो, कारण लांबचा आवाज उशिरा येणं आपल्या अंगवळणी पडलेलं आहे.

बघायचं ते प, ब, म या अक्षरांना. ओठ पूर्ण मिटल्याशिवाय ही अक्षरं उमटत नाहीत. 'आ'कारात काही कळत नाही, तिथे जबडा आणि मान बघा. लांब स्वर कंप घेतो तेव्हा हनुवटीखालचा भाग हलतो. ओठ हलतात आणि गळा स्थिर, असं दिसलं की आवाज दुसरीकडून आलाय. वाक्याआधी खांदा किंवा छाती उचलली गेली का तेही बघा. बनावट गाण्यात श्वास विसरला जातो.

पायपेटी | ५.०५

उत्तम! हे नाट्यपदांच्या चित्रपटांना लावून बघायला हवं. तानेत ओठ मिटतच नाहीत, म्हणजे तिथे सगळी भिस्त जबड्यावर. गाणारा एक, पडद्यावर दुसरा, आणि तान चौपटीत. नटाने तान पाठ केली नसेल तर तो नुसतं तोंड उघडं ठेवतो. 'कट्यार काळजात घुसली'त (२०१५) खाँसाहेबांना आवाज राहुल देशपांडे यांचा आणि पडद्यावर सचिन पिळगांवकर. तिथे त्यांनी हातवाऱ्यांतून आणि मानेतून समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येणं धरलंय, म्हणून डोळा फसतो. ओठांपेक्षा समेला मान आली की प्रेक्षक विश्वास ठेवतो.

ओठांकडे_लक्ष | ५.२०

समेचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. बरोबर आहे.

अनवट | ७.४५

सेटवर गाणं ही नवी गोष्ट नाही, हे सांगायला आलो. पार्श्वगायन आपल्याकडे १९३५ मध्ये 'धूप छाँव'पासून आलं. त्याआधी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' (१९३२) असो की इतर कुणाचा बोलपट, नट सेटवरच गायचा, साथीदार चौकटीबाहेर बसायचे. माईक एकच. नट वळला की आवाज पडायचा, म्हणून त्या काळातली गाणी समोर तोंड करून, एका जागी उभं राहून म्हटलेली दिसतात. रंगभूमीची सवय आणि यंत्राची मर्यादा दोन्ही एकत्र आल्या.

'ले मिझेराब्ल'ने जे केलं त्यात कानात बारीक यंत्र, पलीकडे पियानो वाजवणारा, नट लय हवी तशी ओढणार आणि पियानोवाला त्याच्या मागे जाणार. वाद्यवृंद नंतर गळ्यावर बसवला. म्हणजे आपल्या पेटीवाल्याचंच काम.

पायपेटी | ८.३०

अनवट, थोडी दुरुस्ती. आपल्या पदाला हे जसंच्या तसं चालणार नाही. कारण आलाप-ताना प्रत्येक टेकला वेगळ्या होतात. पहिल्या टेकचा मुखडा (पदाची पहिली ओळ) आणि तिसऱ्या टेकची तान जोडली तर हाताची जागा जुळत नाही, आवर्तन (तालाचा फेरा) पण जुळत नाही.

वाट अशी निघेल: कानात क्लिक (मात्रा मोजणारी टिकटिक) देऊ नका, तंबोरा आणि लेहरा (आवर्तनभर फिरत राहणारी पेटीवरची चाल) द्या. क्लिकवर गायलं की गायक मात्रा मोजायला लागतो आणि लय खुंटीला बांधल्यासारखी होते. लेहऱ्यात सम ऐकू येते, त्यामुळे मधल्या जागा मोकळ्या राहतात. आवर्तनं आधी ठरवा: मुखडा दोन, आलाप चार, ताना तीन, आणि परत मुखडा. आत काय म्हणायचं ते गायकावर सोडा. तीन कॅमेरे एकदम लावा, म्हणजे एकाच टेकमध्ये जवळचं, मधलं, लांबचं मिळतं. आणि तबला सेटवर ऐकू येऊ देऊ नका, गळ्याच्या माईकमध्ये घुसला की नंतर काढता येत नाही.

आता कात्रीवाल्यांच्या हिशेबाकडे. पूर्ण ओळ महाग पडते म्हणालात. मोजून बघू. मिनिटाला २४० मात्रांचा द्रुत तीनताल घेतला तर सोळा मात्रांचं आवर्तन चार सेकंदांत संपतं. १६० ची मध्यलय असेल तर सहा. १२० च्या लयीतला सहा मात्रांचा दादरा तीन सेकंद. १०० च्या लयीतला दहा मात्रांचा झपताल सहा सेकंद. मध्यलयीतली दोन आवर्तनं, म्हणजे मुखडा, फिरून मुखडा आणि समेवर येणं, बारा सेकंदांत होतं. मिनिटाचा पाचवा हिस्सा. ते सुद्धा देता येत नसेल तर संगीत नाटकावरचा चित्रपट कशाला म्हणायचं?

कात्रीवाला | ९.५५

बारा सेकंद एकसलग! पायपेटी, बारा सेकंद म्हणजे आठ ते दहा शॉट. संपादनाच्या टेबलावर ही फार मोठी मागणी आहे. सहा मिळवून देईन. एक आवर्तन.

तारगंधार | १०.१०

एक आवर्तन चालेल, पण समेसकट. मराठी झलकांमध्ये हमखास होणारी चूक तीच आहे: मुखडा उचलतात, आणि समेचा 'धा' यायच्या आत धडाम असा ढोलाचा घाव घालून दृश्य बदलतात. तो घाव समेवर पडला असता तरी चाललं असतं. तो पडतो चौदाव्या-पंधराव्या मात्रेवर, कारण कापणाऱ्याने तरंगाची आकृती बघून जागा निवडली, मात्रा मोजून नाही.

रंगपट | १०.४०

नाटकाचे दोन भाग करणार म्हणतात त्यावर कुणी बोललंच नाही. टीझरमध्येही त्याचा उल्लेख नाही.

तिसरी_घंटा | ११.०५

चू यांनी एप्रिल २०२२ मध्येच जाहीर केलंय. 'डिफाइंग ग्रॅव्हिटी' म्हणजे पहिल्या अंकाचा पडदा. त्याच्यानंतर प्रेक्षकाला मध्यंतर लागतंच, चहा प्यायलाच हवा. एका चित्रपटात ते मध्ये आलं तर पुढचं सगळं उतरणीचं वाटणार. दोन भागांत करणं हे नाटकाच्या रचनेला धरून आहे. फक्त पहिला अंकच अडीच तासांचा झाला तर मधलं सैल पडेल, ती काळजी आहे.

---

तारगंधार | १५ डिसेंबर २०२४

धागा वर काढतोय. चित्रपट २२ नोव्हेंबरला आला, आता बहुतेकांचा पाहून झाला असेल. पहिला भागच दोन तास चाळीस मिनिटांचा, म्हणजे मध्यंतरासकट अख्ख्या नाटकाएवढा. गाणी सेटवर गायलेली आहेत. फेब्रुवारीतल्या मुद्द्यावर माझं मत: टीझरमध्ये एकटी ऐकलेली साद आणि चित्रपटात साडेसात मिनिटांच्या गाण्याअखेर आलेली साद, स्वर तोच, पण ऐकणारा वेगळा झालेला असतो. चढण मिळाली.

मात्र चित्रपटानेच ती चढण मधे मधे तोडली आहे. ओळ झाली की पाठलाग, पुन्हा ओळ, पुन्हा पडझड. रंगमंचावर लय एकदा धरली की सुटत नाही. इथे दर वेळी नव्याने धरावी लागते.

रंगपट | १५ डिसेंबर

रंगाबद्दल मी थांबा म्हटलं होतं. मोठ्या पडद्यावर कातडी सुंदर आहे, जवळच्या शॉटमध्ये ठिपके दिसतात. पण पाठीमागून येणाऱ्या उजेडाची तक्रार खरी निघाली. दिवसाच्या दृश्यांत पार्श्वभूमी धुवून निघाल्यासारखी आहे. वेशभूषाकार पॉल टॅझवेल यांचे कपडे त्यातूनही उठून दिसतात, हे त्या कापडांच्या पोताचं श्रेय. सपाट कापड असतं तर हरवलं असतं.

अनवट | १६ डिसेंबर

आता आपल्याकडे वळा. 'संगीत मानापमान' १० जानेवारीला येतोय. दिग्दर्शक 'कट्यार'चेच सुबोध भावे, संगीत शंकर-एहसान-लॉय. नाटकाला एकशे तेरा वर्षं झाली. ८ जुलै १९२१ च्या संयुक्त प्रयोगात बालगंधर्व आणि केशवराव भोसले समोरासमोर उभे राहिले, ते हेच नाटक.

माझं लक्ष त्यातलं 'प्रेमसेवा शरण' हे पद कुठल्या अंगाने येतं याकडे असतं. मूळ चाल भीमपलासातली, दीनानाथ मंगेशकरांनी मुलतानीत नेली. भीमपलासात मध्यम शुद्ध, मुलतानीत तीव्र. पहिल्या चार-पाच स्वरांत निकाल लागतो, आणि तेवढ्याला चार सेकंद पुरतात.

पेठकर | १६ डिसेंबर

'कट्यार'मध्ये 'घेई छंद मकरंद' नाटकातच दोन तऱ्हांनी आहे ना? पंडितजींचं संथ आणि खाँसाहेबांचं चपळ. झलकेत एकामागे एक दोन मुखडे लावले तर अख्खी गोष्ट त्यातच सांगून होते.

कात्रीवाला | १७ डिसेंबर

पेठकर, ही कल्पना टेबलावर उभी राहते! फेब्रुवारीत मी सहा सेकंदांवर अडलो होतो. 'विकेड' पाहून बारापर्यंत यायला तयार आहे. साठ सेकंदांची मांडणी अशी करता येईल: पहिले चार सेकंद नुसता तंबोरा आणि रिकामा रंगमंच किंवा महाल. मग बारा सेकंद मुखडा, दोन आवर्तनं, आणि त्यात फक्त तीन शॉट, पहिला गाणाऱ्याच्या चेहऱ्यावर किमान पाच सेकंद. पुढे बावीस सेकंद गोष्ट आणि संवाद, खाली फक्त ठेका, गळा नाही. त्यानंतर दहा सेकंद तान, दृश्यं हवी तेवढी तोडा, पण तान तोडायची नाही. समेवर नाव. उरलेले बारा सेकंद तारीख, नावं, चिन्हं.

तान दुसऱ्या गाण्यातली घ्यायची असेल तर पट्टी आणि लय आधी तपासा. काळी एकच्या मुखड्याखाली पांढरी दोनचा ठेका आला की तबला बेसूर वाटतो, आणि ऐकणाऱ्याला दोष गायकाचा वाटतो.

पायपेटी | १७ डिसेंबर

मांडणी पटली. एकच बदल: समेचा 'धा' वाजल्यावर दीड-दोन सेकंद काहीही घालू नका, नावाबरोबर येणारा तो घुमारा सुद्धा नको. टाळी तिथे पडते.